सक्त ताकीद

पुष्कर टिपणीसच्या बॅंडचं नाव 'कर्दनकाळ', आणि त्यांचा पहिला अल्बम कुणी विकत घेतला असलाच, तर घेणाऱ्याने ते बाहेर कुठे बोलून दाखवलं नव्हतं. अल्बमचं नाव होतं 'नरकाग्नी'. त्यातली सगळी गाणी विश्वाच्या अंतावर होती. त्यासाठी पुष्करने पुराणांतले नरकांचे प्रकार पाठ केले होते, केस खांद्यापर्यंत वाढवले होते आणि घशाच्या तळातून गुरगुरत गाण्याची विद्या इतक्या निष्ठेने कमावली होती, की आई त्याला रोज रात्री हळद-मीठ घालून गरम पाणी द्यायची. परळच्या एका हॉलात प्रकाशन झालं तेव्हा समोर चाळीसेक माणसं होती. त्यातली निम्मी ड्रमर केतन नाखवाची कोळीवाड्यातली भावंडं होती आणि ती जेवण असेल असं समजून आली होती.

बॅंडमध्ये चौघं. पुष्कर गायचा आणि गाणी लिहायचा. दिवसा तो फोर्टमधल्या एका विमा कंपनीत लोकांचे दावे नामंजूर करायचा. केतन वरळी कोळीवाड्यातून मोठ्या हॉटेलांना पापलेट पुरवायचा. गिटारवर रुचा होती. तिचा गिरगावात दातांचा दवाखाना होता, आणि तिच्याइतक्या वेगाने गिटार वाजवणारं दादरपासून कुलाब्यापर्यंत कुणी नव्हतं. बेस वाजवणारा संघर्ष परळमधल्या एका जुन्या गिरणीच्या आवारात डबिंगच्या स्टुडिओत कामाला होता. रविवारी सकाळी स्टुडिओ रिकामा असे, तेव्हा मालकाच्या परवानगीने बॅंडचं रेकॉर्डिंग चाले.

दुसरा अल्बम 'महाशून्य' या नावाने निघणार होता. संगीत तयार होतं. रुचाने एक अशी धून बांधली होती की ती ऐकून केतनची आई गुणवंती, जाळी ठेवायच्या ज्या खोलीत त्यांची प्रॅक्टिस चाले तिथे डोकावली होती आणि "काय पडलं?" असं विचारून गेली होती. बॅंडमध्ये याला पावती समजत. अडलं होतं ते शब्दांपाशी. विश्वाचा अंत पहिल्या अल्बममध्येच झाल्यामुळे पुष्करला आता पुढे काय लिहावं ते सुचत नव्हतं. तो कागदावर 'अंधार' लिहायचा, खोडायचा, 'तिमिर' लिहायचा आणि ऑफिसला जायचा.

अशाच एका रविवारी तो स्टुडिओला निघाला तेव्हा वडिलांनी, म्हणजे हेमचंद्र टिपणीसांनी, त्याच्या हातात एक टाइप केलेला कागद दिला.

"येताना याच्या झेरॉक्स काढून आण. प्रत्येक मजल्याला एक. दुसऱ्या मजल्याला दोन."

हेमचंद्र महापालिकेच्या जलखात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, आणि दादरच्या 'श्रमसाफल्य' सोसायटीचे ते कित्येक वर्षांचे सचिव होते. आयुष्यभर त्यांनी मसुदे लिहिले. निवृत्तीनंतर मसुदे बंद झाले, पण भाषा तशीच अंगात राहिली, आणि ती सगळी जिन्याखालच्या नोटीसबोर्डावर उतरू लागली. लिफ्टला ते उद्वाहन म्हणत. कबुतरांना दाणे टाकणाऱ्या काकूंना त्यांनी एकदा 'उपद्रवी पक्ष्यांच्या आश्रयदात्या' म्हटलं होतं, आणि काकूंनी ते कौतुक समजून कात्रण मागितलं होतं. बाकी सोसायटीत नोटीस वाचत कुणीच नसे. बोर्डासमोर उभे राहणारे लोक बोर्डाच्या काचेत भांग बघायला उभे राहत.

स्टुडिओत त्या दिवशी धून वाजवून झाली आणि संघर्षने काचेपलीकडून विचारलं, "शब्द?"

"अजून नाहीत," पुष्कर म्हणाला.

"मग काहीपण म्हण. आवाज कुठे बसतो तेवढं बघू. नाहीतरी तू काय बोलतो ते कोणाला कळतंय?"

हे पुष्करला लागलं, पण खोटं नव्हतं. त्याने खिशात हात घातला, तिथे वडिलांचा कागद लागला. तो उलगडून त्याने माइकसमोर धरला, केतनने दोन्ही पायांनी ड्रम बडवायला घेतले, आणि पुष्करने पोटातून आवाज काढला:

"सर्व सभासदांस सक्त ताकीद देण्यात येते की, दुसऱ्या मजल्यावरील गॅलरीतून न पिळलेल्या चादरी वाळत घालण्यात येत असल्यामुळे, खालून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या मस्तकावर अहोरात्र जलधारा कोसळत आहेत. वारंवार तोंडी समज देऊनही संबंधितांच्या वर्तनात तिळमात्र फरक पडलेला नाही. सबब, हा प्रकार तत्काळ न थांबल्यास होणाऱ्या भयंकर परिणामांस संबंधित सर्वस्वी जबाबदार राहतील. हुकुमावरून, सचिव."

शेवटचा 'सचिव' त्याने इतका लांबवला की काचेपलीकडच्या टेबलावरचा चहाचा ग्लास सरकत कडेला आला.

वाजवणं थांबलं. रुचा आपल्या हाताकडे बघत होती. हातावर काटा आला होता.

"हे कुणी लिहिलंय?" तिने विचारलं.

"बाबांनी. सोसायटीची नोटीस आहे."

"'सबब' म्हणालास ना, तिथे मला खरंच भीती वाटली," रुचा म्हणाली. "महाशून्याची मला कधी वाटली नव्हती."

केतनने घाम पुसत विचारलं, "अजून आहेत का रे?"

होत्या. घरात कपाटावर फाइली होत्या. पाण्याच्या टाकीवर, जिन्यातल्या चपलांवर, ओल्या-सुक्या कचऱ्यावर, गच्चीच्या कुलपावर. आई-बाबा देवळात गेले असताना पुष्करने मोबाइलवर सगळ्यांचे फोटो काढून आणले. वडिलांना त्याने विचारलं नाही. एक तर विचारलं असतं तर त्यांनी गाण्याचा अर्ज रीतसर सादर करायला लावला असता. आणि दुसरं म्हणजे, त्याच्या तोंडून निघालेला शब्द आजवर कुणाला कळला नव्हता, तर याच वेळी कसा कळेल? अल्बमचं नाव ठेवलं 'सक्त ताकीद'.

तसा तो कुणाला कळलाही नसता. पण केतनची बहीण शेफाली व्हिडिओ बनवायची, आणि तिने भावासाठी प्रेमाने चादरीच्या गाण्याचा व्हिडिओ करून खाली एकेक शब्द मोठ्या अक्षरांत लिहिला.

पुढचं सगळं सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांनी केलं. मुंबईत चादर निथळत नाही अशी इमारत नाही. दादरच्या सचिवांनी तो व्हिडिओ माहीमच्या सचिवांना पाठवला, माहीमच्यांनी ठाण्याच्या, ठाण्याचा पुण्याला गेला, आणि पुण्यातून तो प्रतिक्रियांसह परत आला. लालबागच्या एका मंडळाने रांगेतल्या लोकांना आवरण्यासाठी 'जिन्यातील पादत्राणे' स्पीकरवर लावलं, तर रांग जागच्या जागी उड्या मारायला लागली. टी-शर्ट निघाले, काळ्या कापडावर रक्ताळलेल्या अक्षरांत 'हुकुमावरून'. ज्यांनी जन्मात कधी मेटल ऐकलं नव्हतं असे मध्यमवयीन लोक ऑफिसात सकाळी कानात इअरफोन घालून ते ऐकू लागले. संघर्षच्या मते महिनाभरात देशातल्या कुठल्याच मेटल बॅंडचा अल्बम इतका खपला नव्हता. रुचाच्या दवाखान्यात पेशंट तोंड उघडं ठेवून तिला 'तुम्हीच ना त्या?' असं विचारू बघत.

पुष्करला मात्र सुख लागेना. दादरच्या बाजारात भाजीवाली त्याला 'चादरवाले दादा' म्हणू लागली. पहिल्या अल्बमचा भायखळ्याचा एक जुना चाहता होता, बहुधा एकमेव, त्याने निरोप पाठवला की तुम्ही विकले गेलात. ऑफिसात साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून म्हटलं, "टिपणीस, तुमच्यात एवढी प्रतिभा असेल असं वाटलं नव्हतं." आणि ती प्रतिभा आपली नाही, वडिलांची आहे, हे पुष्करला साहेबांना सांगताही येईना आणि गिळताही येईना.

घरी हे केव्हातरी कळणारच होतं. पुण्याच्या आतेबहिणीने हेमचंद्रांना व्हिडिओ पाठवला. पुष्कर संध्याकाळी घरी आला तेव्हा बाबा डायनिंग टेबलाशी बसले होते. समोर मोबाइल पुस्तकांना टेकवून उभा केलेला, शेजारी पेन्सिल. आई, लतिका, ओट्याशी कांदा चिरत होती. ती वळून म्हणाली, "मी आत जाऊ का? की इथेच थांबू?"

"थांब," हेमचंद्र म्हणाले. "पुष्कर, बस."

पुष्कर बसला.

"परिणामांस," हेमचंद्र म्हणाले. "अनुस्वार आहे. तू 'परिणामास' म्हणालास. तीनदा ऐकलं मी. अनुस्वार खाल्लास तर परिणाम एकच उरतो. मी अनेक म्हटले होते."

पुष्कर त्यांच्याकडे बघत राहिला. बोलणी खाण्याची त्याने तयारी केली होती, क्षमेची वाक्यं जुळवून ठेवली होती; याची केली नव्हती.

"बाबा, मी न विचारता घेतलं..."

"त्याबद्दल नंतर बोलू. आणि 'सचिव' एवढं ओरडायचं काय कारण? सचिव शांत असतो. त्याच्या शांतपणालाच लोक घाबरतात."

"कोण घाबरतं?" लतिका कांदा चिरता चिरता म्हणाली.

हेमचंद्रांनी पेन्सिल खिशाला लावली. पण त्या रात्री त्यांनी व्हिडिओ आणखी दोनदा लावला, हे पुष्करने आपल्या खोलीतून ऐकलं. दुसऱ्यांदा ते बारीक आवाजात बरोबर म्हणतही होते.

आता भीती होती ती दुसऱ्या मजल्याची. चादरी ज्यांच्या, ते गंगाधर मुळे. बॅंकेतून निवृत्त झालेला, पहिलवानी बांध्याचा, हसतमुख माणूस. कपडे धुण्याचा त्यांना छंद होता. मशीनमध्ये चादरीचा जीव जातो असं त्यांचं मत होतं, आणि पिळण्याबद्दलही त्यांचं तेच मत होतं. ते भांडायला येणार, कदाचित वकिलाची नोटीस येणार, असं धरून पुष्करने दाराची साखळी लावायला सुरुवात केली. गंगाधर आले, ते पेढे घेऊन.

"टिपणीससाहेब," ते हेमचंद्रांना मिठी मारत म्हणाले, "माझी चादर तुम्ही अमर केलीत."

"ती ताकीद होती, मुळे."

"असेल हो. पण काय लिहिलंय. जलधारा. मी आमच्या नाशिकच्या साडूला ऐकवलं, तो रडला."

त्यानंतर गंगाधर रोज चादर घालू लागले. आधी आठवड्यातून दोनदा असे. आता पोरंपोरी फोटो काढायला गॅलरीखाली येऊ लागली, आणि कोरडी चादर दाखवणं गंगाधरांना प्रशस्त वाटेना. ठिबकणाऱ्या पाण्याखाली डोकं धरून लोक व्हिडिओ काढत. रविवारी तर त्यांनी दोन चादरी आणि एक सोलापुरी घातली. त्याच रविवारी हेमचंद्र दूध घेऊन परत येताना सोलापुरीच्या बरोबर खाली सापडले, आणि वर आले तेव्हा त्यांचा चष्मा पुसायला घरात कोरडा कपडा शोधावा लागला.

ते खुर्चीत बसून राहिले. पुष्करला वाटलं, आता मात्र स्फोट होणार. पण ते हळू आवाजात म्हणाले, "किती लोकांनी ऐकलं म्हणालास ते गाणं?"

पुष्करने आकडा सांगितला. त्यात बरीच शून्यं होती.

"आणि एकाने तरी चादर पिळली का?"

"बाबा, ते गाणं आहे. लोक एन्जॉय करतात."

"ते एन्जॉय करायला नव्हतं लिहिलं." हेमचंद्रांनी चष्मा पुन्हा घातला. "वीस-बावीस वर्षं मला वाटायचं, लोक वाचत नाहीत म्हणून पाळत नाहीत. आता लाखो लोक तोंडपाठ म्हणतात, तरी पाळत नाहीत. म्हणजे कुठेतरी कळण्यात गडबड आहे. आणि मला वाटतं ती तुझ्या उच्चारांत आहे."

पुष्करच्या घशात शब्द आले होते. त्याने आईकडे बघितलं. तिने डोळ्यांनी नको म्हटलं. तो उठून कोळीवाड्यात प्रॅक्टिसला गेला आणि तिथे इतका चुकला की केतनने त्याला काठ्या फेकून मारायची धमकी दिली.

मोठा कार्यक्रम परळला ठरला, गिरणीच्याच आवारात, मोकळ्या पटांगणात. आवाजाच्या परवानगीमुळे तो दुपारी चारला सुरू होऊन दिवेलागणीला संपायचा होता. तिकिटं संपली. आयोजकांनी पुष्करला न विचारता परस्पर हेमचंद्रांना फोन केला की शेवटच्या गाण्याआधी आपला शाल-श्रीफळ देऊन सत्कार आहे. हेमचंद्रांनी होकार कळवला, तोही लेखी.

कार्यक्रमाला दोन तऱ्हेचे लोक आले होते. पुढे काळे टी-शर्ट घातलेली, केस मोकळे सोडलेली पोरं. मागे खुर्च्या टाकून बसलेले सोसायट्यांचे पदाधिकारी, काहींच्या हातात घरचे पोहे. गंगाधर मुळे पत्नी रमाबाईंसह पहिल्या रांगेत होते. येताना त्यांनी एक चादर आणली होती आणि ती ते झेंड्यासारखी हलवत होते.

'पाण्याची टाकी' झालं, 'कबुतरं' झालं. पोरं गोल फिरत एकमेकांवर आदळत होती. पुष्कर घामाने निथळत होता आणि पहिल्यांदाच त्याला वाटत होतं की जाऊ दे, शब्द कुणाचे का असेनात, आवाज तर आपला आहे. मग हेमचंद्र मंचावर आले. इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला पेन. शाल पांघरली गेली, नारळ दिला गेला, गर्दीने 'सचिव, सचिव' असा गजर केला. हेमचंद्रांनी वाकून नमस्कार केला. आणि खाली जायच्या ऐवजी ते मंचाच्या कडेला ठेवलेल्या खुर्चीत नारळ मांडीवर घेऊन बसले.

पुष्करने आयोजकाकडे बघितलं. आयोजकाने खांदे उडवले. रुचाने चादरीची धून सुरू केली.

पहिल्या ओळी ठीक गेल्या. 'जलधारा'ला पटांगण हललं. मग 'भयंकर परिणामांस' आलं, आणि पुष्करने नेहमीसारखा अनुस्वार गिळला. हेमचंद्र उठले. नारळ खुर्चीवर ठेवला, चालत केतनसमोर गेले आणि हात वर केला.

केतनने आजवर कुणासाठी ड्रम थांबवले नव्हते. पण वडीलधाऱ्याने हात वर केला की थांबायचं, हे गुणवंतीने त्याच्या अंगात लहानपणीच मुरवलं होतं. तो थांबला. ड्रम थांबले तसे बाकीचेही थांबले. हेमचंद्रांनी सत्काराचा माइक उचलला.

"क्षमस्व," ते म्हणाले. "इथे एक दुरुस्ती आहे. 'परिणामांस'. अनुस्वार आहे. एकदा माझ्यामागून म्हणा. परिणामांस."

पुढच्या पोरांनी एकमेकांकडे बघितलं. मग तीन हजार माणसांनी म्हटलं, "परिणामांस."

"मागचे म्हणत नाहीत."

"परिणामांस," मागचे म्हणाले, तोंडातले पोहे सांभाळत.

"आता चालू द्या," हेमचंद्र केतनला म्हणाले, आणि बाजूला झाले; पण बसले नाहीत.

गाणं पुन्हा सुरुवातीपासून घ्यावं लागलं. या खेपेला गर्दी एकेक शब्द स्वच्छ म्हणत होती. 'न पिळलेल्या चादरी' असं तीन हजार तोंडांतून शाळेतल्या पाढ्यासारखं खणखणीत आलं. पहिल्या रांगेत गंगाधरांचा हात चादरीसकट वरच्या वर थांबला. रमाबाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंत? मी एकटीच सांगत नव्हते." गंगाधरांनी चादर हळूच खाली घेतली आणि तिची घडी करायला लागले.

पुष्करला ते दिसलं नाही. तो 'तात्काळ' म्हणाला होता, आणि हेमचंद्रांचा हात पुन्हा वर गेला होता.

"तत्काळ," माइकवरून आवाज आला. "पहिल्या 'त'ला काना नाही."

"काना नाही," गर्दी आनंदाने म्हणाली.

तिसऱ्यांदा गाणं सुरू झालं. पुष्करच्या कानशिलांत आता ड्रमपेक्षा मोठे ठोके पडत होते. त्याला बरंच काही एकदम आठवत होतं. तिसरीतला निबंध, ज्यावर शिक्षिकेने शाबास लिहिलं होतं आणि बाबांनी त्याखाली सहा चुका काढल्या होत्या. पहिल्या अल्बमचं प्रकाशन, ज्याला येऊन बाबांनी एकच गोष्ट विचारली होती, की 'नरकाग्नी'तला 'ग्नी' दीर्घ का. तो 'सबब'पर्यंत आला. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याने बुशशर्टाची बाही हलताना पाहिली, आणि हात वर जायच्या आत तो वळला.

"बाबा," तो म्हणाला, "खाली उतरा."

म्हणाला म्हणजे काय. तो आवाज त्याच्या घशातून आलाच नाही. तो टाचांतून आला. इतकी वर्षं आरशासमोर उभं राहून, मीठ-पाण्याच्या गुळण्या करून जे साधायचा तो प्रयत्न करत होता, ते या तीन शब्दांत होतं. आवाज मोजणाऱ्या मीटरचा काटा लाल पट्ट्यात गेला. मागे एका पदाधिकाऱ्याच्या हातातली बशी पडली. आणि मग असा कल्लोळ उठला की परळच्या पुलावर गाड्या हळू झाल्या.

हेमचंद्रांनी मुलाकडे नीट बघितलं. माइक जागेवर ठेवला, नारळ उचलला आणि सावकाश पायऱ्या उतरून गेले.

गाणं पुरं झालं, पण कसं झालं ते पुष्करला नंतर सांगता आलं नाही. संपल्या संपल्या तो मागच्या खोलीत धावला. बाबा एका ट्रंकेवर बसून चहा पीत होते, शाल नीट घडी करून बाजूला ठेवलेली. आई शेजारी उभी होती.

"बाबा, सॉरी. सगळ्यांसमोर मी असं..."

"एक मिनिट," हेमचंद्र म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला. "हे मात्र स्वच्छ ऐकू आलं. एकही अक्षर खाल्लं नाहीस."

पुष्करने तोंडावर आलेले केस मागे सारले.

"इतकी वर्षं तू दार लावून काय ओरडतोस ते मला कळायचं नाही," हेमचंद्र म्हणाले. "मला वाटायचं माझे कान गेले. आज कळलं. मग उतरलो." कप पुन्हा उचलून ते म्हणाले, "माझ्या सांगण्यावरून आजवर कुणी कुठून उतरलं नाही, तुझ्या एका वाक्यात मी उतरलो. म्हणजे तुझा मसुदा बरा आहे."

लतिकाने तोंडाला पदर लावला. ती हसत होती की दुसरं काही, हे पुष्करने बघायचं टाळलं.

"आणि एवढ्या रागात," मागून आलेली रुचा म्हणाली, "'उतरा' म्हणालास. 'उतर' नाही. मेटलमध्ये आदरार्थी बहुवचन मी पहिल्यांदा ऐकलं."

त्या गाण्याची मंचावरची नोंद संघर्षने ठेवलीच होती. ती प्रसिद्ध झाली आणि मूळ अल्बमपेक्षा जास्त चालली. पुष्करने आजवर विश्वाच्या अंतावर शेकडो ओळी लिहिल्या होत्या, पण महाराष्ट्राला त्याची स्वतःची म्हणून माहीत झालेली ओळ एवढीच. घरोघरी मुलं ती ओळ म्हणू लागली आणि काही बापांनी बॅंडविरुद्ध वर्तमानपत्रांत पत्रं लिहिली. हेमचंद्रांनी त्यांतली दोन शुद्धलेखनासाठी तपासली.

मुळ्यांच्या चादरी गच्चीवर गेल्या. फोटो काढायला आलेली पोरं कोरड्या गॅलरीकडे बघून हिरमुसून परत जात, आणि गंगाधर त्यांना वर बोलावून सरबत देत. हेमचंद्रांशी ते महिनाभर बोलले नाहीत. हेमचंद्रांनी हे यशाचं लक्षण मानलं.

'महाशून्य' पुष्करने पुन्हा हातात घेतला नाही. त्याऐवजी एका शनिवारी तो ऑफिसातून घरी न येता थेट कोळीवाड्यात गेला, जाळ्यांच्या खोलीत बसला आणि आपण दिवसभर लोकांना काय काय लिहून पाठवतो ते आठवून आठवून कागदावर उतरवू लागला. 'आपला दावा विचारात घेण्यात आला असून तो नामंजूर करण्यात येत आहे.' चार ओळी झाल्यावर त्याचे हात थंड पडले. केतनने वाचलं आणि ड्रमच्या मागे जाऊन बसला.

गुणवंती दारात ओल्या हातांनी उभी होती. "तुझे बाबा येत्यात ना रविवारी नवीन गाणी ऐकायला? चांगलं जेवण करते मी. सुरमई खातात का ते?"

"खातात. काटे काढून."

"येऊ दे मग. परळच्या कार्यक्रमात बघितला तवा मानूस बरा वाटला." ती वळता वळता थांबली. "पन त्याला वाजवायच्या वेळी माझ्याकडं पाठव. मी चुलीपाशी बसवून ठेवते."